फाटक बंद आहे

नोएलीनच्या शेडमध्ये काहीच मोडीत निघत नाही.
मी ट्रक रिकामा करतो, ती बुटाच्या टोकानं ढीग उसकते,
निवडून भाजी घ्यावी तशी:
"हा पाना ठेव. याची मान छान आहे."
मान म्हणजे बगळ्याची.
तिला पान्यात बगळा दिसतो, मला पाना दिसतो,
किलोमागे किती ते दिसतं.

गादीच्या स्प्रिंगा म्हणजे मेंढीची लोकर.
कातरणीची झिजलेली पाती म्हणजे पिसं.
फाळाला लाल रंग दिला की पुकेकोची चोच.
डोळ्यांना बेअरिंगचे छर्रे.
लोखंडाचे चणे म्हणतात ते हेच असावेत,
कारण ते बसवताना ती खरोखर दात खाते.

गेल्या जूनमध्ये मॅकस्किमिंग आला.
हॉकडनच्या रांगेवर बर्फ, आणि थोडं त्याच्या आवाजातही.
"फाटक हवं. पाच आडव्या पट्ट्या, एक तिरपी.
जनावरं नकोत.
जनावरं माझ्याकडे चार हजार आहेत."
भंगार त्याचंच होतं. त्यातच भागव म्हणाला.
नोएलीन म्हणाली, बरं,
आणि डोळ्यांवर काळी काच ओढली.

पट्ट्या पाचच केल्या तिनं. खोटं कशाला बोलू.
पण तिरपी पट्टी खालून वर धावत सुटलेला कुत्रा झाली,
साखळीचा, जीभ बाहेर,
आणि वरच्या कोपऱ्यात बसला एक पक्षी, कुठल्याच जातीचा नाही,
पोट म्हणजे ट्रॅक्टरचा सायलेन्सर,
चोच कायमची उघडी.

मॅकस्किमिंगनं पट्ट्या मोजल्या.
मग सायलेन्सरवरच्या पोच्यावर अंगठा ठेवला.
तो पोचा कुणी पाडला, कधी,
त्याच्या बापानं त्यावर काय म्हटलं,
हे त्यालाच ठाऊक. अंगठा बरोबर बसला एवढं मी पाहिलं.
"पाच आहेत," म्हणाला, आणि पैसे दिले.

ऑक्टोबरात एक स्टार्लिंग त्या चोचीतून आत शिरली.
तोंडात काडी, मग लोकर, मग कुणाच्या तरी पाकिटाची चांदी.
फाटक उघडलं की पोट हलायचं,
आणि आतून अशी शिवी यायची
की कुत्रे, खरे कुत्रे, मागे सरायचे.

आठवड्याभरात तारेनं बांधलेली पाटी लागली:
फाटक बंद आहे.
खताचा ट्रक ओढ्याच्या उतारावरून, चार किलोमीटर वळसा.
पशुवैद्य मिसेस ट्वीडी, साठीच्या, हातात पिशवी,
कुत्र्याच्या पाठीवर पाय देऊन चढून जायच्या
आणि पलीकडे उतरून मॅकस्किमिंगच्या नावानं खडे फोडायच्या.
तो म्हणायचा, पाटी वाचता येते ना?

मी गेलो तेव्हा तो पलीकडच्या बाजूला उभा होता.
दोघांची कोपरं वरच्या पट्टीवर, हलकेच,
तापलेल्या भांड्याला हात लावावा तशी.
आत पिल्लं. डब्यात खिळे हलावेत तसा आवाज,
फक्त भुकेला.

बराच वेळ तो पावसाबद्दल बोलला, जो नव्हता.
मग म्हणाला,
"तिला सांग, मी साधंच फाटक मागितलं होतं."
सांगतो.
"आणि हे ने."
पायाशी दुसरा सायलेन्सर, गंजलेला, तोंड पोत्यानं पुसलेलं.
वरच्या कुरणाचं फाटकही आता म्हातारं झालंय, असं काहीसं पुटपुटला.

मी सवयीनं काटा काढायला वळलो.
"याचं वजन नको करूस," तो म्हणाला.

परत ओढ्यावरूनच आलो.
रिकाम्या ट्रकमध्ये तो सायलेन्सर इकडून तिकडे गडगडत होता,
आणि दर खड्ड्याला,
तोंडात वारा शिरला की,
शीळ घालत होता,
अजून कुणी पक्षी झाल्याचं त्याला सांगितलंही नव्हतं.