पंधरा बाय पंधरा

बीम उचलताना जांघेत काहीतरी सुटलं.
कळ नाही आली. गाठ सुटावी, तसं.
पगाराचा शनिवार होता, म्हणून बोललो नाही.
सोमवारी नाडीखाली लिंबाएवढा फुगवटा,
निजलं की आत, उभं राहिलं की बाहेर.
चार महिने टॉवेलची पट्टी आवळून सांभाळला,
अक्कलकोट रोडच्या त्याच कारखान्यात, त्याच मागांमध्ये.

सिव्हिलमध्ये डॉक्टरीणबाईंनी नमुन्याची जाळी दाखवली.
पंधरा बाय पंधरा सेंटिमीटर,
पांढरी, मच्छरदाणीची धाकटी बहीण.
मी विचारलं, किनार कुठाय हिची?
कात्री लावली की उसवेल की हो.
उसवत नाही, दुडमकाका.
उजेडाकडे धरली तेव्हा कळलं:
ताणा नाही, बाणा नाही,
फासात फास. होजिअरीचं काम.
तीस वर्षं टॉवेल काढणाऱ्याला
हे हातात घेतल्याघेतल्या कळायला हवं होतं.

सूत कसलं?
पॉलिप्रॉपिलीन.
म्हणजे साखरेच्या पोत्याचं?
जातीनं तेच, त्या म्हणाल्या, पण चोख.

आणि भोकं केवढी ही!
असला माल आमचा मालक तोंडावर फेकेल.
तर म्हणाल्या, मोठीच हवीत.
बारीक असली की शरीर बाहेरूनच भिंत घालतं,
कडक, आवळत जाणारी.
मोठ्या भोकांतून मांस आत शिरतं,
धाग्याला वळसा घालून पलीकडे निघतं.
विणायचं तुम्हीच, काका, आम्ही फक्त ताणा देतो.
ताणा नाही हे मी आत्ताच सांगितलं होतं,
पण गप्प बसलो.

बालमणीनं तेवढं एकच विचारलं,
परकं ते. अंगाला मानवेल का?
डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.
आधी शरीर भांडतं, म्हणाल्या,
सूज आणतं, पाणी धरतं,
खायला पेशी पाठवतं.
खाता येत नाही, म्हणून वेढून टाकतं.
आपलं असं कधी म्हणत नाही.
भांडण तेवढं थांबतं.

"हां," बालमणी म्हणाली,
विडीच्या पानानं पिवळी झालेली बोटं पदराला पुसत,
"सासूबाईंचं आणि माझं.
अठरा वर्षं, एक चूल."
आई बाहेर बाकावर बसली होती.
ऐकलं असणार.

आता सव्वा वर्ष झालं.
थंडीत, पहाटे गल्लीतला पहिला माग सुरू होतो
तेव्हा कमरेखाली एक चौकोन किंचित ओढतो.
बोटांनी कड शोधतो. लागत नाही.
डोळे मिटून कापडाचं रीड-पीक सांगायचो मी,
ह्याचं काही सांगता येत नाही.

बीम आता पोरगा उचलतो.
मी दुसऱ्या टोकाला हात लावतो, उगीच,
वजन न घेता.

दिवाळीला साखरेचं पोतं घरात आलं
की बालमणी आतून ओरडते,
"अहो, तुमचा भाऊ आलाय,
आत घ्या."