एक जून

नियम सातवा, पोटकलम आ :
खेळाडूने एकतीस मे रोजी वयाची बावीस वर्षे पूर्ण केलेली असावीत
किंवा पदवीचा निकाल हाती असावा.
मी तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा.
निकाल लागतो जुलैत.
आणि सुकेशनी मारोती वाघमारे हिला बावीस पुरी होतात
टी.सी.वर, आधारवर, दहावीच्या सनदेवर
एक जूनला.

तिच्या वर्गात एक्केचाळीस पोरं होती,
एक्केचाळीसही एक जूनचीच.
चोंढे गुरुजी पटाचं रजिस्टर काखेत मारून
दारोदार फिरले होते. म्हणायचे,
डोक्यावरून हात घे रे, पलीकडचा कान धर.
ज्याचा हात पोचला तो सहा वर्षांचा.
सुकेशनीचा हात कान ओलांडून मानेपर्यंत गेला.

मी तिच्या आईकडे गेलो.
"हळद शिजवूलालो होतो बघा सर,
कढई उतरायच्या आत ही आली."
कोणत्या साली?
"ज्या साली हळदीला भाव नव्हता."
घरी येऊन मी तशी सालं मोजली.
तीन निघाली.

वसमतच्या आमच्या कॉलेजचं कोर्ट
शिमग्याच्या आसपास व्यापाऱ्यांकडे जातं.
फ्री थ्रोची रेघ महिनाभर हळदीखाली असते.
उरलेल्या कोपऱ्यात ती एका रिंगवर खेळते,
चेंडू पिवळा, तळवे पिवळे, बुटांच्या नाड्या पिवळ्या.
बाहेरगावी सामन्याला गेलो की
समोरच्या संघातल्या पोरी विचारतात,
लग्न ठरलं का गं?

अठरा झाल्याबरोबर मामानं दोन स्थळं आणली होती.
तेव्हा कायद्यानं कुठंच बोट ठेवलं नाही.
मतदान केलं, तेव्हा शाई लावली आणि जा म्हणाले.

पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक फोनवर म्हणाले,
सहा फूट एक इंच? इतकी वर्षं कुठं होती ही?
वसमतला, मी म्हणालो.
मग ते जरा वेळ गप्प.
एका दिवसानं काय बिघडतं हो सर,
पण संगणक घेत नाही. लाल होतो.

अर्जाचा पुढचा रकाना :
खेळासाठी कधी मोबदला स्वीकारला आहे काय?
नांदेडच्या चषकात एका हार्डवेअरवाल्यानं
पाचशेच्या दोन नोटा पाकिटातून दिल्या होत्या.
तिनं गुडघ्याचा पट्टा घेतला, उरलेल्यात आईला चपला.
'होय' लिहावं तर विद्यापीठाचा संघही गेला,
आणखी एक वर्ष खेळायचं कुठं?
मी 'नाही' लिहिलं.
वीस वर्षं मी पोरांना फाऊल झाला की
हात वर करायला शिकवतोय.

"सर, एक वर्षच ना?" ती म्हणाली.
मी मान हलवली.
तिच्या उजव्या गुडघ्याची नोंद
कोणत्याच रजिस्टरात नाही.
जिना उतरताना तो वाजतो,
मला दोन पायऱ्या वरून ऐकू येतो.

एकतीस मेच्या रात्री सामानाच्या खोलीला कुलूप लावायला गेलो
तर ती कोर्टावर. खांबावरचा एक दिवा चालू.
बारा वाजले आणि तिचा फोन थरथरत राहिला,
वर्गातल्या सगळ्यांच्या सगळ्यांना शुभेच्छा.
कुणीतरी केकचा फोटो टाकला होता,
त्यावर नावं मावली नव्हती म्हणून नुसतं 'आपण'.

सकाळी पुढच्या वर्षीच्या अर्जासाठी
तिला भिंतीला टेकवून उभी केली,
डोक्यावर पट्टी ठेवली, पेन्सिलीनं खूण केली.
गेल्या जूनची खूण तिथंच होती,
अर्धा इंच खाली.
पुन्हा मोजलं. अर्धाच.

बावीस पुरी झालेल्या बाईची उंची वाढते का,
हे डॉक्टर मुंढेंना विचारायचं होतं.
त्यांचा दवाखाना माझ्या रोजच्या वाटेवर आहे.
अजून विचारलं नाही.