अंदाजपत्रक

दरवर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात
मी एक आकडा लिहितो:
जून ते सप्टेंबर, पंचगंगेच्या घाटावर
किती शेणी लागतील.
नदी वर यायच्या आत गोदाम भरायला हवं.
ओली शेणी धुमसते, जळत नाही,
आणि घरचे लोक आपल्याकडे बघत राहतात.

मागची तीन वर्षं, बेरीज, भागाकार,
साथ आली तर म्हणून थोडं वर.
आकडा फारसा चुकत नाही माझा.
ऑडिटचे खवरे एकदा म्हणाले,
यमाचा कच्चा खर्डा तुम्हालाच मिळतो वाटतं.
हसलो मी. पाप काय होतं त्यात?
इतकी माणसं जातील एवढंच सांगतो आकडा,
त्यातलं एकही तोंड त्याला दिसत नाही.
गावाएवढं मरण कुणाच्याच अंगावर येत नाही.

भाचा आला हिंजवडीहून, धैर्यशील.
मामा, आता माणूसवार निघतं म्हणाला.
रिपोर्ट टाकायचे, वय टाकायचं,
टक्केवारी येते. हॉस्पिटलं घेतात,
विमावालेही घेतील.
आणि तो माणूस?
त्याचं काय?
त्याला विचारतोस का रे, टाकायच्या आधी?
तो स्क्रीनकडे बघत राहिला.
बॅटरी संपत आली होती.

अठरा दिवसांनी सीपीआरच्या जिन्यात
डॉक्टर शिकलगारांनी मला बाजूला घेतलं.
भला माणूस. आवाज खाली आणून म्हणाले,
गौरी-गणपतीपर्यंत धरून चाला.
हिराक्का दहा पावलांवर होती,
कॉटवर मांडी घालून
सलाइनच्या नळीला दाव्याची गाठ कशी मारावी
ते नर्सला शिकवत.
तिला कोण सांगणार, मी विचारलं.
ते तुम्ही बघा.

रजिस्टर पत्र तिच्या नावाचं,
पोस्टमननं सही माझी घेतली.

रात्री धैर्यशीलचा फोन.
मामा, टाकू का आईचे रिपोर्ट?
निदान नक्की तरी कळेल.
मी फोन ठेवला नाही. बोललोही नाही.
पलीकडे त्याचा पंखा फिरताना ऐकू येत होता.

यंदाचा रकाना कोराच राहिला.
जून ते सप्टेंबर.
तो आकडा आता माझ्याकडे बघत होता.

उत्तरेश्वर पेठेत संध्याकाळी
ती शेणी थापत होती,
डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना.
प्रत्येकीवर पाच बोटं,
करंगळी जरा वाकडी, लहानपणी चरकात सापडलेली.
तीस वर्षं ही बोटं मी गोदामात मोजून घेतोय
आणि कधी वाचली नाहीत.

"किती लिवलंस यंदा हापिसात?"
अजून नाही लिहिलं.
"का रं? पेन मोडलं व्हय?"
हात बादलीत बुचकळले तिनं.
"जिन्यात डाक्टर तुझ्या कानाला लागला
त्ये बघितलंय मी.
माझंच हाय न्हवं त्ये?"
व्हय, आक्का.
"मग ऱ्हाऊ दे तुझ्याकडं.
मी मागंन तवा दे.
न्हाई मागितलं तर फोडू नगंस कुणाम्होरं,
धैर्याम्होरं बी न्हाई."

मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून
ती दिवस मोजायला बसली:
दहा म्हैनं दहा दिस, म्हंजे आमुशाच्या आसपास.
"मी तारीख सांगती दर येळी.
ही रांड कवा ऐकती?"
आणि इतकी हसली की खोकला आला,
आणि खोकला थांबेना,
आणि मी पाण्याचा तांब्या धरून उभा राहिलो
पत्र खिशात असल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी आकडा लिहिला.
गेल्या वर्षीचाच. एक वाढवला नाही,
एक खोडलाही नाही.

मेमध्ये तिची गाडी आली. साडेचारशे.
सात फुटल्या होत्या, त्या वजा केल्या,
तिच्यासाठी नियम बदलत नाही.
पावतीवर तिनं सही केली,
हि, रा, बा, ई,
वेळ घेत, जीभ दातांत धरून.
पेन परत दिलं. माझ्याकडे बघितलं.

मागितलं नाही अजून.