अंदाजे

सोळाशे चाळीस पौंड.
आकड्याशेजारी मुंगीएवढं अक्षर : अं.
म्हणजे अंदाजे.
म्हणजे चौदा महिने मीटर वाचायला कुणी फिरकलंच नाही,
दाराखालून नुसती चिठ्ठी सरकवली,
'आम्ही येऊन गेलो, आपण घरी नव्हतात.'
मी घरीच होतो.
कुठे जाणार होतो?

मीटर जिन्याखाली, छत्र्यांच्या मागे.
शेजारी खिळ्याला टांगलेली पाटी,
खाणीतली, माझ्याच हाताने चिरलेली.
आमच्या ब्लायनायमध्ये छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
थडगीसुद्धा पाटीचीच,
तेव्हा कागदावर हिशेब ठेवणं ही नेस्ताला उधळपट्टी वाटायची.
दर एक तारखेला ती खडूने आकडा लिहायची.
साताच्या पोटात आडवी रेघ,
एकाशी गल्लत नको म्हणून.
तिचा शेवटचा : ४७४७७.
त्याखाली माझे चौदा, गिचमिड, उतरणीला लागलेले.
आजचा : ४८२१३.
कंपनीचा : ५३०९०.

फोन केला. वेल्शसाठी दोन दाबा.
दोन दाबलं. पियानो वाजत राहिला,
वेल्शमध्ये असावा.
मग इंग्रजीसाठी एक.
एकेचाळीस मिनिटांनी टॅम्झिन नावाची मुलगी.
म्हटलं, "बाई, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आणलंत?"
ती म्हणाली, "सर, त्याआधीच्या हिवाळ्यात आपण खूप वीज वापरली होती.
सिस्टीम त्यावरून ठरवते."

त्याआधीचा हिवाळा.
हीटर रात्रंदिवस. अंगाखाली विजेची चादर.
तासातासाला किटली,
दोन घोट घ्यायचे, उरलेला गार.
आणि रात्रभर दिवा.
तिला अंधाराची भीती नव्हती,
मला होती.

बँकेला कळवलं होतं. वाचनालयाला, दूधवाल्याला,
तिच्या चष्म्याच्या दुकानालासुद्धा.
वीज माझ्याच नावावर, म्हणून ती राहिली.
म्हणजे एवढे दिवस
कुठल्याशा लांबच्या शहरातल्या यंत्राच्या हिशेबात
नेस्ता पांघरूण ओढून घेत होती,
पाय गार पडलेत म्हणत होती,
आणि मी इथे त्याच यंत्रावर दात खात बसलेलो.

"वापर एवढा कमी का झाला, सर? कारण नोंदवावं लागेल.
घर रिकामं होतं, उपकरणं बदलली, की इतर?"
"इतर," मी म्हणालो.
टॅम्झिनची बोटं क्षणभर थांबल्यासारखी वाटली.
मग टक.

पाटी पुरावा म्हणून चालत नाही.
पाटी आणि मीटर एकाच फोटोत असेल तर बघू.
शेजारची लोवरी छत्र्या बाजूला करून आडवी झाली,
शाळेच्या गणवेशाला कोळिष्टकं.
मग तीन पत्रं, दोन तक्रार क्रमांक,
एकदा लोकपालाचं नाव काढलं,
आणि आठव्या दिवशी सुधारित बिल :
दोनशे तेरा. गैरसोयीबद्दल तीस पौंड माफ.

जिंकलो! चॅपलमध्ये सांगितलं, खाटकाला सांगितलं.
इव्हानने पाठ थोपटली, म्हणाला, त्यांना बरा पुरून उरलास.
रात्री पुन्हा बिल काढून वाचलं.
चार हजार आठशे सत्त्याहत्तर युनिटं वजा.
एवढी भरली म्हणजे ती.
वजनाने कधी इतकी नव्हती.

मे महिन्यात मीटरवाला खरोखरच आला.
ओले बूट बाहेर काढून, भोकाचे मोजे,
जिन्याखाली वाकला, बॅटरी मारली,
मीटर वाचला, पाटी वाचली.
युनिटाचाही फरक नाही.
"हिशेब चोख आहे तुमचा," म्हणाला.
मग बॅटरी वर सरकवून,
"हे वरचं अक्षर कुणाचं?"
"बायकोचं."
"सात सुरेख काढतात हो."

काढतात, म्हणाला.
मी दुरुस्त केलं नाही.
चहा घेणार का विचारलं,
आणि किटलीत जरा जास्तच पाणी भरलं.