ओला खडू

आधी टेपला खडू घासते, शेवटचे दोन मीटर.
मग कठड्यावर ओणवी होऊन सोडते खाली.
टोकाचं शिसं भिंतीला अडत नाही ना, एवढंच बघायचं.
वर ओढल्यावर खडू जिथे काळा पडलाय
तिथवर पाणी होतं.
धरलेल्या आकड्यातून भिजलेला आकडा वजा.
बाकी उरतो तो कोरडेपणा.
महिन्यातून दोनदा हीच वजाबाकी,
कुंभारगाळीच्या चौदा विहिरींची.

रजिस्टर कन्नडमध्ये छापलेलं.
रकाना तीन: बावी. रकाना पाच: आळ.
ओठांत मी मराठीत मोजते, भरते कन्नडमध्ये,
आणि हिरेमठ साहेब बेळगावात बसून त्याची रेघ काढतात,
जी दोन्ही भाषांत खालीच जाते.

सात नंबर शाळेची.
खाण सुरू झाली त्या वर्षी सहा मीटर वीस.
मँगनीज डोंगराच्या पोटात, आमच्या चुलींच्याही खाली;
ते काढायचं तर आधी पाणी काढायला हवं.
तीन पंप, रात्रंदिवस.
पुढे पुढे त्यांचा आवाज येईनासा झाला,
थांबले तरच जाग यायची.

उपसलेलं पाणी ओढ्यात सोडलं.
शिमग्यालाच दगडं दाखवणारा आमचा ओढा
वैशाखात वाहायला लागला!
म्हशी डुंबल्या. तुकव्वानं काठावर मिरची लावली.
नागरगाळीचे पाहुणे म्हणाले, नशीब काढलंत.
मी वहीत लिहिलं: नऊ मीटर ऐंशी.
पुढच्या खेपेला: अकरा.
सांगू कुणाला? समोर पाणी वाहत होतं
आणि मी म्हणत होते, पाणी चाललंय.

भरमू घाडीचा झरा सगळ्यात आधी गेला.
फणसाखालचा, पंजाएवढा,
चार दगडांच्या मध्ये बसलेला.
तरी तो रोज सकाळी तिथे जाऊन
तोंडावरून कोरडे हात फिरवायचा.
‘तुझ्या टेपात झरा मोजायचं काही नाही काय गे?’
नव्हतं. झऱ्याला नंबर नव्हता.

चौदा नंबरला टेपच संपली.
तीस मीटर, आणि खडू पांढरा तसाच वर आला.
काय लिहू म्हणून फोन केला.
साहेब जरा गप्प. मग म्हणाले, ‘इल्ल’ लिही.
हातून लिहिलं गेलं ‘नाही’.
खोडलं नाही. शेजारी ‘इल्ल’ लिहिलं.

मग भाव पडला, कंपनी गेली.
पंप बंद झाले त्या रात्री अख्खं गाव जागं झालं.
ओढा चार दिवसांत आटला.
मिरच्या उभ्या वाळल्या. तुकव्वा म्हणाली,
खाणीनं दिलेलं पाणी, खाणीबरोबर गेलं बघ.
मी वही उघडून तिच्यापुढे धरली.
तिला अक्षरं दोन्हीतली येत नव्हती,
आकडे येत होते.
बराच वेळ बघत राहिली. काही बोलली नाही.

दोन वर्षं डोंगर आतून भरत राहिला.
बोगदे, विसरलेल्या ट्रॉल्या, कुणाची एखादी चप्पल.
दिसत नाही ते, टेपवर कळतं.
अकरा नंबर: सव्वीस. एकवीस चाळीस. सतरा.
बाकी कमी होत गेली की बरं वाटावं
असा माझ्या ओळखीतला हा एकच हिशेब.

परवा चौदा नंबरला खडू भिजला.
काळा नाही पडला, तांबूस.
बोटाला बुळबुळीत, जिभेला खिळा चाटल्यासारखं.
आणि खाली, खाणीच्या तोंडातून
गेरूच्या रंगाची एक बारीक धार
कुणी न ओढता बाहेर येतेय,
ओढ्याची वाट धरून.

रकाना सहा: शेरा.
रंगाला काय म्हणायचं, साहेबांना विचारायचं राहिलं.
तिथे बोट टेकवलं.

भरमूचा निरोप आहे:
फणसाखाली दगड बाजूला केलेत,
ओल लागतेय हाताला, येऊन बघून जा.
टेप नको आणू.