तळाची रेघ

ऑपरेशनला नऊ महिने झाले.
भरडावरच्या दवाखान्यात डॉक्टर नाबरबाई म्हणतात,
गुडघा दुमड. जितका दुमडतो तितका.
कूर्चा वाटीखाली लपून असते,
दुमडल्याशिवाय आवाजाला सापडत नाही.

मी दुमडते. अर्धाच जातो.
खो-खोत मी या पायावर आख्खी बसायचे,
टाचा उचलून, बोटं मातीत रुतवून,
पाठीवर हात पडला की सुटायचे.
खांबाशी वळताना एकदा आतून आवाज आला,
मांदेलीचा काटा मोडावा एवढाच.
पंचाची शिट्टीही वाजली नाही त्याच्यासाठी.
आता त्याच गुडघ्यात
कुणालाच ऐकू न येणारा आवाज सोडतात
आणि तो परत यायची वाट बघतात.

जेल गार. शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखं.

बाबा दाराशी उभा, चपला हातात.
बंदी चालू आहे, होडी वर ओढलेली,
नाहीतर तो इथे कशाला असता.
आजवर माझा एकही सामना त्यानं पाहिलेला नाही,
सामने हिवाळ्यात, बांगडाही हिवाळ्यात.
पण पडदा उजळला तसा दोन पावलं आत आला.

'हो काळो पट्टो काय?'
कूर्चा, बाई म्हणाल्या.
'आणि खालची पांढरी रेघ?'
हाड.
'मगे तळ बरो आसा. आमच्या मशनीत
चिखल आसलो तर रेघ पसारता,
खडप आसला तर सुरयेन कापल्यासारखी येता.'
बाईंनी त्याला स्टूल दिलं.

वीस वर्षं तो असाच पडद्याकडे बघत आलाय,
पाणी काळं, तळ पांढरा, मधे काही असलं तर असलं.
माझ्या गुडघ्यातलं पाणी बघताना
तेच बारीक डोळे, तीच किंचित उघडी तोंडाची फट.

बाईंनी दोन फुल्या मारल्या, मधे ठिपक्यांची ओळ.
डावा, चांगला: दोन पूर्णांक एक.
उजवा: दोन पूर्णांक सहा.
मिलीमीटर.

वाढली, मी म्हटलं. भरून येतेय.
बाईंनी मान हलवली नाही, हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही.
कूर्चा पाणी धरते, म्हणाल्या,
दुखावलेली जास्त धरते.
जाड म्हणजे बरी असं नसतं.
काळेपणाही बघायचा, कडाही.
ही आतली कड बघ, जरा पुसट.
सहा महिन्यांनी पुन्हा, याच जागी, याच कोनात.

मग हे काय आहे?
नोंद आहे, त्या म्हणाल्या.

बाबानं चपला खाली ठेवल्या.
'फळी फुगली काय सांधे मिटतत,
म्हणान आमी होडी पाण्यात भिजत ठेवतो.
पण आतसून कुजलेली फळी सुदा फुगता.
भायरसून सारखीच दिसता.'
मग त्याचं त्यालाच वाटलं असावं, बोलायला नको होतं.
फाइल त्यानं काखेत घेतली, उलटी.

दांडीच्या किनाऱ्यावर 'सातेरी कृपा'
माडाच्या झापांखाली कोरडी पडलीय,
फळ्यांमधून उजेड दिसतो.
बाबा घरी आलाच नाही, सरळ तिच्याकडे गेला.
उकिडवा बसून बोटांच्या पेरांनी एकेक फळी वाजवत,
वाजवली की कान लावून,
मग पुढची.

मी शेजारी बसून बघितलं. अर्धीच.
वाळूत एक हात टेकून.
चिंबोरी बिळातून निघाली, मला बघून परत गेली.
एका फळीपाशी तो थांबला, पुन्हा वाजवली,
पुन्हा.
मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले,
तिथे काही वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं.

'कापूस दी गो तेवढो,' म्हणाला.

कापूस पलीकडे, पिशवीत.
उठताना कुठल्या पायावर भार दिला
ते मी बघितलं नाही.
म्हणजे बघितलं.
उजव्यावर नाही.