तुरटीचा कडा

व्हेरिटी स्टोरचा नियम एकच:
सगळ्यांत मागे जो, तो फाटक लावेल.
स्कारबरोच्या कारपार्कात हेल्मेटचे पट्टे आवळताना
तिनं तो सांगितला. आम्ही सात जण,
पण बघितलं तिनं फक्त माझ्याकडे.

पहिल्या दिवशी अकरा फाटकं लावली मी.
जुन्या रेल्वेची वाट, रूळ केव्हाच उखडलेले,
खाली अजून जळक्या कोळशाची खडी,
चाकाखाली अशी करकरते
की दातांना आठवण व्हावी खड्याच्या भाकरीची.
डावीकडे मेंढ्या. उजवीकडे एकदम काहीच नाही,
आणि मग खूप खाली समुद्र.
सायकल भाड्याची, मांड्या स्वतःच्या,
वय त्रेपन्न. तक्रार कुणाकडे करणार?

हेबर्न वाइकच्या रानात ओढा लागला
आणि लसणाचा वास,
फोडणीचा नव्हे, ओल्या सावलीत उगवलेला.
हडर्सफील्डचे दोघे भाऊ, ऑस्विन आणि लाइल,
उतार दिसला की शाळा सुटल्यासारखे ओरडत.
प्रिस्का पक्ष्यांची नावं सांगायची, मी विसरायची.
एक मात्र मीच ओळखला:
अगं, ही तर टिटवी!
फक्त इथली शेंडी ठेवते.

दुसऱ्या दिवशी, रेव्हन्सकारच्या कड्याखाली,
पडक्या भिंतींपाशी व्हेरिटीनं ब्रेक दाबला.
इथं म्हणे डोंगर फोडून दगड जाळायचे,
महिनोन्महिने,
मग त्यावर ओतायचं माणसांचं मूत,
लंडनहून जहाजानं यायची पिंपं भरभरून.
सगळे हसले. लाइलनं तर नाकच धरलं.
आणि एवढं करून निघायचं काय?
ॲलम.

त्या शब्दाला माझ्यापर्यंत यायला
जरा वेळ लागला.
नांदुऱ्याच्या मोरीत, कोनाड्यात ठेवलेला
झिजून होडीसारखा झालेला पांढरा खडा.
अण्णा दाढी झाली की गालावरून फिरवत,
कापलं असेल तिथं फक्त एक 'स्स',
बाकी तक्रार नाही.
तोच खडा आई नदीच्या गढूळ पाण्यात
तीनदा फिरवायची
आणि आम्हा पोरांना दम:
आता हात लावायचा नाही. बसू दे.

पुढचा चढ अर्धा झाला आणि फ्रेट आलं,
समुद्रावरून येणाऱ्या धुक्याला इथं हेच म्हणतात.
आधी ऑस्विन गेला, मग प्रिस्काचं पिवळं जाकीट,
मग माझंच पुढचं चाक.
उरली नुसती टिकटिक,
कुणाचं तरी मोकळं फिरणारं चाक, कुठंतरी.
कडा किती जवळ, कोण सांगणार?
व्हेरिटीचा आवाज आला, अजिबात न चढलेला:
थांबा. जिथं आहात तिथंच.
बसू द्या त्याला.

मी हॅंडलवर कपाळ टेकवून उभी राहिले.
किती वेळ, माहीत नाही.
चॉकलेट फोडल्याचा आवाज आला एकदा.
मान वर केली तेव्हा
गाळ खाली बसला होता:
खाडीभर पांढराच पांढरा, गावाची छपरं त्यात बुडालेली,
आणि वर आम्ही, मेंढ्या, एक फाटक,
ऊन,
सगळं निवळून तांब्यात घ्यावं असं.

कुणाला सांगितलं नाही मी.
इंग्रजीत ते सांगायला फार मागून सुरुवात करावी लागली असती.

तिसरा दिवस वाऱ्याचा. व्हिटबीच्या पुढं
सँड्सएंडचा उतार आला
आणि काय झालं कुणास ठाऊक, ब्रेकवरची बोटं
मी एकेक करून उचलली.
लाइल मागे पडला. मी बघितलंसुद्धा नाही.
मागून कडी पडल्याचा आवाज आला,
तीन दिवसांत पहिल्यांदा
दुसऱ्या कुणाच्या हातानं.

त्याच आनंदात पडले, अर्थात.
सायकल एकीकडे, मी एकीकडे, नडगी सोललेली.
व्हेरिटी प्रथमोपचाराची पिशवी शोधेपर्यंत
बूट काढून मी सरळ समुद्रात उभी राहिले.
लाट आली, गुडघ्यापर्यंत.

स्स.